ग्रीसच्या दहा दिवसांत चार बेटं नकोत, दोन पुरेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचे चौघं मित्रमैत्रिणी, वयं २२ ते २४, पहिल्यांदाच परदेशी निघालेत. जुलैमध्ये दहा दिवस ग्रीस. अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट आणि झाकिन्थोस असा बेत. दोघं शाकाहारी, एकाला पोहता येत नाही, आणि बेटांवर स्कूटर भाड्याने घेऊन फिरायचा विचार. काय काळजी घ्यावी?

गेली चौदा वर्षं मी उन्हाळ्यात लहान गट घेऊन एजियन समुद्रातल्या बेटांवर जाते. तुमच्यासारखे बेत दरवर्षी माझ्यासमोर येतात आणि मी दरवर्षी एकच सांगते: आधी बेटं कमी करा. बाकी सगळी काळजी त्यानंतरची.

नकाशावर ही बेटं शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून फसगत होते. झाकिन्थोस देशाच्या पश्चिमेला, वेगळ्याच आयोनियन समुद्रात आहे. तिथे जायला अथेन्सहून बसने किलिनी बंदर गाठावं लागतं आणि मग बोट. सँटोरिनीहून तिकडे सरळ बोट नाही. शिवाय ज्या किनाऱ्याच्या फोटोमुळे मुलं झाकिन्थोस यादीत घालतात, तो गंजक्या जहाजाचा नावाजिओ किनारा, तिथे दरडी कोसळण्याच्या धोक्यामुळे उतरायला बंदी आहे. लांबून, बोटीतून किंवा वरच्या कड्यावरून पाहायचा. क्रीट सुमारे २६० किलोमीटर लांब आहे, म्हणजे पुण्याहून निघून कोल्हापूरच्याही पुढे जावं एवढं. त्याला एकट्यालाच आठवडा हवा. मिकोनोस वाईट नाही, पण तिथे एका रात्रीला जेवढे पैसे जातील तेवढ्यात शेजारच्या बेटावर दोन रात्री निघतात.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: पहिली रात्र अथेन्स, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने नाक्सोस बेट, तिथे चार रात्री. मग सँटोरिनी दोन रात्री. आणि शेवटच्या दोन रात्री परत अथेन्स. या शेवटच्या दोन रात्रींवर मी अडून बसते, त्याचं कारण वारा.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून जोराचा वारा वाहतो. तिथले लोक त्याला मेल्टेमी म्हणतात. बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानच्या तापलेल्या पठारावर कमी, आणि या दोघांच्या मधे समुद्र. आपला मान्सून ज्या विशाल उन्हाळी कमी दाबाच्या पट्ट्यामुळे येतो, त्याचंच पश्चिमेकडचं टोक तुर्कस्तानपर्यंत पोचलेलं असतं, त्यामुळे हा वारा एका अर्थाने आपल्या पावसाचा लांबचा नातेवाईक आहे. पण पाऊस नाही, ढग नाही. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि बोटी बंद. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात हे आपल्याला पटतं, कारण समोर काळं आभाळ दिसतं. इथे धक्क्यावर उभं राहून डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

वारा साधारण आठ बोफर्टच्या (बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचं माप) पुढे गेला की बंदर खातं जहाजांना निघू देत नाही. वेगवान कॅटामरान त्याआधीच थांबतात. कधी सहा तासांत परवानगी मिळते, कधी दोन दिवस लागतात. माझ्या तिसऱ्याच वर्षी मी एका गटाची पारोसहून परतीची बोट आणि मुंबईचं विमान एकाच दिवशी ठेवलं होतं. बोट सुटली नाही. सात जणांची परतीची तिकिटं नव्याने काढावी लागली, त्यांतली दोघं विद्यार्थी होती, आणि एकीने वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्यात गेले. तो दिवस मला अजून टोचतो. तेव्हापासून बेट आणि विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवल्याशिवाय मी कुणाचाही बेत मान्य करत नाही.

बोट रद्द झाली तर तुमचे हक्क माहीत असू द्या. युरोपीय संघाच्या नियमानुसार कंपनीने एक तर तिकिटाचे पैसे परत द्यायचे, नाही तर पुढच्या बोटीत जागा द्यायची. यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. मात्र खराब हवामानामुळे बोट अडली असेल तर हॉटेलचा खर्च देणं कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणून चौघांत मिळून एका रात्रीच्या खोलीचे पैसे बाजूला असू द्यात.

बोट कुठली घ्यायची? मोठी, साधी, मोटारी पोटात घेऊन जाणारी. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून नाक्सोसला ती सव्वापाच-साडेपाच तास घेते, सँटोरिनीला आठेक. वेगवान कॅटामरानमध्ये वेळ वाचतो, पण तिकीट बरंच महाग, बाहेर डेकवर उभं राहता येत नाही आणि लाटांत ती जास्त हलते. ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोट लागणार हे धरून चाला. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर नाही. बसायचं जहाजाच्या मध्यभागी, जमेल तेवढं खाली, आणि नजर फोनवर न ठेवता क्षितिजावर.

पिरेअस प्रचंड मोठं आहे. विमानतळावरून निळ्या मार्गिकेची मेट्रो सरळ तिथपर्यंत जाते, साधारण तासभर लागतो. पण मेट्रोतून बाहेर पडलात म्हणजे बोटीपाशी पोचलात असं नाही. बंदराला क्रमांक दिलेले दरवाजे आहेत आणि काही दरवाजे स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटर लांब. तिकिटावर दरवाजाचा क्रमांक बघा आणि बोट सुटण्याच्या तासभर आधी तिथे असा. फलकावर सँटोरिनी हे नाव कदाचित सापडणार नाही, तिथे ‘थिरा’ लिहिलेलं असतं. बॅगा खाली, मोटारींच्या मजल्यावर, बेटाच्या नावाच्या कप्प्यात ठेवायच्या. पासपोर्ट, पैसे, औषधं वर स्वतःजवळ. मधल्या बेटांवर जहाज जेमतेम काही मिनिटं थांबतं. घोषणा झाली की लगेच खाली उतरून दारापाशी उभं राहायचं. मागची फळी धक्क्याला टेकायच्या आतच माणसांचा लोंढा हलायला लागतो. वर बसून ‘थांबू दे की जरा’ म्हणणारे पुढच्या बेटावर उतरतात.

आता ऊन. महाराष्ट्रातली मुलं इथे सगळ्यात जास्त गाफील असतात. नागपूर-अकोल्याचा मे पाहिलेल्यांना ३५ अंशांचं काय, असं वाटतं. पण आपल्याकडे त्या उन्हात दुपारी कुणी डोंगर चढायला जात नाही. इथे सुट्टीवर असता, समोर निळा समुद्र असतो, वारा अंगाला गार लागतो, घाम जागच्या जागी वाळतो, आणि शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. २०२४च्या जूनमध्ये उष्णतेच्या लाटेत ग्रीसच्या बेटांवर पायी फिरायला गेलेले काही पर्यटक दगावले. त्यांत ब्रिटिश टीव्हीवर आरोग्याचे कार्यक्रम करणारे मायकल मोस्ली होते. सिमी नावाच्या लहानशा बेटावर ते किनाऱ्यावरून एकटेच चालत निघाले होते. वैद्यकशास्त्र शिकलेला, लोकांना तब्येतीचे सल्ले देणारा माणूस. त्यांच्या बाबतीत जे झालं ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

म्हणून सँटोरिनीवर ‘फिरा’ गाव ते ‘इया’ गाव ही कड्यावरची पायवाट चालायची असेल (साधारण दहा किलोमीटर, वाटेत सावली नावालाच), तर सकाळी सहाला निघा आणि दहाच्या आत इया गाठा. माणशी दीड लीटर पाणी, टोपी, ओआरएसची पुडी. चौघं एकत्र चाला. एकाला कंटाळा आला म्हणून तो मधूनच एकटा परत फिरला, असं होऊ देऊ नका. अथेन्समध्ये अ‍ॅक्रोपोलिसला सकाळी आठची पहिली वेळ ऑनलाइन घेऊन ठेवा. एप्रिल २०२५पासून तिकीट ३० युरो आहे आणि त्यावर वेळ छापलेली असते. उष्णतेची लाट असली की ते ठिकाण भर दुपारी बंद ठेवतात, त्यामुळे दुपारची वेळ घेतलेल्यांचा विरस होतो. २५ वर्षांखालच्यांना मोफत, असं कुठे वाचलंत तर ते युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे.

दुपारी तिथली माणसंही झोपतात. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच हा कायद्याने शांततेचा वेळ आहे. त्या वेळात खोलीत पडून राहणं म्हणजे दिवस वाया घालवणं नव्हे. गावं रात्री नऊनंतर जागी होतात, आणि मध्यरात्री चौकात लहान मुलं खेळताना दिसतील.

वाऱ्या-उन्हासोबत वणवा येतो. जुलै २०२३मध्ये रोड्स बेटावरून सुमारे १९,००० लोकांना हलवावं लागलं होतं. धोका असेल त्या भागातल्या सगळ्या फोनवर ११२ या क्रमांकाकडून कर्कश आवाजासह सूचना येते, इंग्रजीतही असते. ती आली की सामान न आवरता सांगितलेल्या दिशेने निघायचं. फोनमधली आपत्कालीन सूचनांची सोय चालू आहे ना ते विमानतळावरच तपासा. आणखी एक गोष्ट चौघांनाही पाठ असू द्या: आपल्याकडे १०८ म्हणजे रुग्णवाहिका. ग्रीसमध्ये १०८ हा तटरक्षक दलाचा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेचा १६६. गोंधळ नको म्हणून सरळ ११२ लावा, तिथे इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं.

स्कूटरचा बेत मला आवडलेला नाही, आणि तो मी स्पष्टच मोडते. वाहतूक उजव्या बाजूने, रस्ते वळणांचे, कठड्याशिवायचे, वर बारीक वाळू, आणि आडवा वारा. चार चाकांच्या क्वाड बाइक दिसायला भक्कम वाटतात, पण वळणावर त्या उलटतात, आणि माझ्या गटातलं सगळ्यात वाईट हाड-मोडणं त्यांच्यावरच झालं आहे. कागदपत्रांचंही पाहा. भारतीय लायसनसोबत आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि त्यात मोटरसायकलचा वर्ग नोंदलेला असावा लागतो. तो नसतानाही गाडी देणारे दुकानदार भेटतील. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते आणि बिल तुमच्या आईवडिलांकडे येतं. प्रवास विम्याच्या अटींत दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते निघण्याआधी वाचा, बऱ्याच पॉलिसींत तिला जागाच नसते.

चौघं आहात, तर नाक्सोसवर दोन दिवसांसाठी लहान मोटार घ्या. खर्च चौघांत वाटला की दोन स्कूटरींपेक्षा फार पडत नाही. चालवणाऱ्याचं वय बऱ्याच ठिकाणी किमान २३ मागतात, तेव्हा तुमच्यातलं कोण बसतं ते बघा. गाडी घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, टायर आणि खालचा भागसुद्धा. पासपोर्ट तारण म्हणून ठेवून देऊ नका, पाहिजे तर त्याची प्रत द्या. बाकीचे दिवस बस. केटेल नावाच्या बस बहुतेक मोठ्या बेटांवर गावं आणि किनारे जोडतात, दोन-तीन युरोंत काम होतं.

पोहता न येणाऱ्यासाठी लिहिते, पण बाकीच्या तिघांनीही वाचा. कोकणात आपण भरती-ओहोटी बघून पाण्यात उतरतो. एजियनमध्ये भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, त्यामुळे ती सवय इथे उपयोगी नाही. इथे बघायचा तो वारा. पाणी इतकं नितळ असतं की तीन पुरुष खोल तळ गुडघ्याएवढ्या पाण्यात असल्यासारखा दिसतो, आणि कित्येक किनाऱ्यांवर पाच पावलांतच जमीन सुटते. हवा भरलेल्या गाद्यांवर लोळत समुद्रात जाणं सगळ्यात घातक: वारा जमिनीकडून समुद्राकडे असला तर किनारा कधी लांब गेला ते कळत नाही, आणि शांत पाण्यातच हे होतं. नाक्सोस गावाला लागूनच आगिओस गिओर्गिओस किनारा आहे, वाळूचा आणि बराच आतपर्यंत उथळ. तुमच्या मित्राने तिथेच डुंबावं, कमरेच्या वर पाणी जाऊ देऊ नये, आणि एक पोहणारा सोबती कायम जवळ असावा. मेल्टेमी जोरात असेल त्या दिवशी बेटाच्या दक्षिणेचे किनारे निवडा. खडकांवर काळे काटेरी गोळे दिसतील, ते समुद्री साळिंदर म्हणा हवं तर. रबरी चपला घालून पाण्यात गेलात की पाय वाचतात.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी सोडून द्यावी. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाचे दिवस खूप, आणि त्यांत मांस-दूध-अंडी चालत नाहीत, म्हणून भाज्या-कडधान्यांचं मोठं दालन त्यांच्या घरच्या स्वयंपाकात आहे. तेलात शिजवलेल्या भाज्यांच्या पदार्थांना लादेरा म्हणतात. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे गेमिस्ता (हिच्यात कधी खिमा असतो, विचारा), ओव्हनमधल्या मिश्र भाज्या म्हणजे ब्रियाम, टोमॅटोच्या रसातले मोठे पांढरे घेवडे म्हणजे गिगान्देस. सँटोरिनीचा फावा तर नक्की खा: पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरणच ते, वर कच्चा कांदा, ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. पहिल्या घासाला घरची आठवण येते. ‘होरीस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. खानावळीत एकेकाने एकेक ताट न मागवता चार-पाच पदार्थ मधे ठेवून वाटून खा, तिथली रीतच ती आहे. मासे खाणाऱ्यांनी लक्षात घ्या, मेन्यूवरचा भाव बहुधा किलोचा असतो. मासा तुमच्यासमोर तोलून घ्या आणि किंमत ऐकूनच हो म्हणा.

घरून न्यायचं तर मेतकूट, चटण्या, भाजणी न्या. पेढे, बर्फी, पनीर, तूप असे दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाही. आंबेही नकोत. औषधांत एक गोष्ट आईबाबांना सांगा: कोडीन असलेली खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधं तिथे नियंत्रित आहेत. ती बॅगेत टाकू नका, आणि जी औषधं न्याल त्यांची डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत जवळ ठेवा.

पैशांचं थोडक्यात. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर युरो निवडा, रुपयांच्या दरात नुकसान होतं. हॉटेलच्या बुकिंगखेरीज तिथे पोचल्यावर एक सरकारी शुल्क द्यावं लागतं, एका खोलीला एका रात्रीचं: एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये साध्या एक-दोन तारांकित हॉटेलात २ युरो, तीन तारांकितला ५, चार तारांकितला १०. भाड्याच्या फ्लॅटला ८. आठ-नऊ रात्रींचा हिशोब केलात तर हा आकडा आधीच धरलेला बरा. सँटोरिनीवर नळाचं पाणी पिऊ नका, अथेन्समध्ये चालतं. संडासात कागद टाकायचा नसतो, बाजूच्या डब्यात टाकायचा, कारण तिथले सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात. पाण्याचा जेट नसतो, छोटा मग बॅगेत असू द्या.

व्हिसाला आजच लागा. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. उन्हाळ्यात मुलाखतीच्या तारखा झपाट्याने भरतात. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या आणि बोटीची तिकिटं व्हिसा हातात आल्यावर काढा.

आता त्या मोकळ्या दिवसाबद्दल, कारण तुमच्या मनात ‘अथेन्समध्ये दोन रात्री कशाला’ हे असणारच. वाऱ्याने अडवलं तर तो दिवस तुमचं विमान वाचवेल. नाही अडवलं तर सकाळी पिरेअसहून एजिनाची बोट धरा. सव्वा-दीड तासाचं अंतर, सारोनिक आखात असल्यामुळे समुद्र त्यामानाने शांत. बंदरासमोरच होडीतून भाजी विकणारे असतात, पुढे बसने आफाइया देवीच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मंदिरापर्यंत जाता येतं. परतताना धक्क्यावरच्या टपऱ्यांतून तिथले पिस्ते घ्या, त्याच बेटावर पिकलेले आणि मीठ लावून भाजलेले. बॅगेत किलोभराची जागा आधीपासून राखून ठेवा.